वैरागडेंचा तिसरा नॉर्म

मागच्या महिन्यात इथे चंदीगडच्या एका इंग्रजी दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत प्रभाकर वैरागडे यांच्यावर अर्ध्या पानाचा लेख आला. फोटोत ते पटाकडे बघत बसले आहेत आणि वर ठळक अक्षरांत असं की, या माणसाने तत्त्वासाठी ग्रँडमास्टर किताबावर पाणी सोडलं. आमच्या मराठी मंडळातल्या चौघांनी ते कात्रण मला आणून दाखवलं. "तुम्ही त्यांच्या खालच्याच घरात राहत होता ना? दिवाळी अंकासाठी तुम्हीच लिहा त्यांच्यावर." मी हो म्हणालो. मात्र जे पाहिलं तेच लिहीन, असंही सांगितलं.

लेखात बारीकसारीक चुका बऱ्याच आहेत. ते सेक्टर बावीसमध्ये राहत असं लिहिलं आहे. आमची क्वार्टर्स सेक्टर चोवीसमध्ये होती. त्यांच्या पत्नीला डॉक्टर म्हटलं आहे. त्या इथल्या वैद्यकीय संस्थेत सिस्टर होत्या. या चुका सोडून देता येतात. 'तत्त्वासाठी' हा शब्द मात्र मला सोडता येत नाही. तो प्रसंग घडला तेव्हा मी त्या टेबलापासून चार फुटांवर उभा होतो.

वैरागडे माझे मित्र नव्हते. सात वर्षं आम्ही एकाच जिन्याने वर-खाली केलं आणि त्या सात वर्षांत ते मला आवडले नाहीत. हे आधी सांगून टाकलेलं बरं. वाचणाऱ्याने त्याप्रमाणे माझ्या म्हणण्यातून काय वजा करायचं ते करावं.

माणूस उंच, हाडकुळा, खांद्यात किंचित वाकलेला. कपाळावर कायम एक आठी, जणू समोरचा आपला वेळ खातो आहे. मूळचे नागपूरचे. खेळाडू म्हणून रेल्वेत नोकरी लागली होती, ती सोडून ते बायकोच्या, शालिनीताईंच्या नोकरीच्या गावी आले होते. क्वार्टर शालिनीताईंच्या नावावर, पगार शालिनीताईंचा, रेशनच्या रांगेत शालिनीताई. वैरागडे वर टेबलाशी बसून रशियन मासिकातले डाव मांडत. गॅसचा सिलिंडर आला तरी दार उघडत नसत. सिलिंडरवाला खाली येऊन माझ्या बायकोला, सुमनला म्हणायचा, "बीबीजी, ऊपर वाले साहब अंदर हैं, पर हैं नहीं."

बुद्धिबळातलं मला काही कळत नाही. घोडा अडीच घरं जातो एवढंच. पण कळणारे सांगत की, खेळ देखणा होता. असेल. मला दिसायचं ते त्यांचं घड्याळ. दोन तबकड्यांचं, जर्मन बनावटीचं, लाकडी पेटीत बसवलेलं. आपली चाल झाली की आपल्या बाजूची कळ दाबायची, म्हणजे समोरच्याचं घड्याळ सुरू होतं. प्रत्येक तबकडीवर बाराजवळ एक लाल पाकळी असते. काटा तिला हळूहळू उचलत नेतो आणि वेळ संपली की ती टपकन पडते. तिला फ्लॅग म्हणतात. वैरागडे ती कळ चापट मारल्यासारखी दाबत. दुपारी झोपलो असताना छतावरून तो आवाज यायचा. एकटेच दोन्ही बाजूंनी खेळत आणि दोन्ही बाजूंना चापट मारत.

त्यांचं एक वाक्य होतं : "घड्याळाला नातं नसते." हे ते कुठेही म्हणत. पाहुणे उशिरा आले, दूध उशिरा आलं, शालिनीताईंची ड्यूटी लांबली, तरी हेच.

मंडळाच्या गणपतीत एकदा मुलांसाठी त्यांना बोलावलं. वीस पट मांडले, वीस मुलं बसली आणि वैरागडे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरत एकाच वेळी सगळ्यांशी खेळले. असं खेळणारा माणूस शेवटी दोन-तीन पोरांशी बरोबरी करतो, एखाद्याचा वजीर मारायचा राहू देतो. यांनी अर्ध्या तासात वीसच्या वीस हरवले. माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. इथल्या मुलांसारखीच तीही मराठी समजत असूनही हिंदीत बोलायची. तिने विचारलं, "अंकल, आप हँसते नहीं?"

"जिंकल्यावर काय हसायचं?" वैरागडे म्हणाले आणि प्रसाद न घेता निघून गेले.

त्या वर्षांत इथे कसं जगत होतो ते नव्याने आलेल्यांना सांगून पटत नाही. चौकाचौकात वाळूच्या गोण्या, प्रत्येक नाक्यावर डिकी उघडून दाखवायची, बसमध्ये बेवारस ट्रान्झिस्टर दिसला तर हात लावू नका अशा पाट्या. पंजाबात कुठे अतिरेक्यांनी बसमधून माणसं उतरवून गोळ्या घातल्या की त्यातली वाचलेली आमच्या संस्थेच्या कॅज्युअल्टीत यायची. शालिनीताई तिथेच होत्या. घरी आल्या की जिन्यातच चपला काढून पाय धूत आणि मग वर जात. सुमनने एकदा विचारलं, "इथंच का धुता?" त्या म्हणाल्या, "वर नको न्यायला."

त्यांना नागपूरला परत जायचं होतं. आई एकटी होती, आणि हे रोजचं बघणं त्यांना सोसवत नव्हतं. पण त्यांचं जाणं वैरागडेंच्या नॉर्मला बांधलेलं होतं. ते कसं, तेही सांगितलं पाहिजे. ग्रँडमास्टर व्हायला तीन वेगवेगळ्या स्पर्धांत, ठरावीक ताकदीच्या खेळाडूंविरुद्ध, ठरावीक गुण मिळवावे लागत. अशा एका कामगिरीला नॉर्म म्हणतात. वैरागडेंचे दोन झाले होते. तिसरा झाला की किताब, आणि किताब मिळाला की नागपूरच्या एका कंपनीत अधिकाऱ्याची जागा, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. तोवर ते नागपूरला तोंड दाखवणार नव्हते. "रिकाम्या हातानं जाऊ काय?" असं म्हणत. शालिनीताई दर उन्हाळ्यात सुमनला सांगत, "वहिनी, तिसरा नॉर्म झाला की आम्ही निघालो बघा." पाच उन्हाळे मी हे ऐकलं.

एका सकाळी आमच्या ब्लॉकमध्ये बॉम्ब असल्याचा फोन आला. पोलिसांनी सगळ्यांना मैदानात काढलं. शालिनीताईंचा पाय तेव्हा प्लास्टरमध्ये होता. सुमनच्या खांद्यावर भार टाकून, एकेक पायरी बसत बसत त्या खाली आल्या. त्यांच्या मागून बऱ्याच वेळाने वैरागडे आले. दोन्ही हातांत पट आडवा धरलेला, त्यावर डाव तसाच मांडलेला. पाणी भरलेलं ताट आणावं तसे पावलापावलाने चालत होते. हवालदार ओरडला. मीही ओरडलो.

"काहून ओरडून राहिले?" वैरागडे म्हणाले. "एक प्यादं हललं तर सगळं पुन्हा मांडा लागते."

शालिनीताई गवतावर पाय लांब करून बसल्या होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, त्यांना बोलू नका. माझं सगळं हललं तरी ते परत मांडता येतं, असं त्यांना वाटतं."

बॉम्ब नव्हता. सगळ्यांत आधी वैरागडे वर गेले, कारण पट हातात होता.

आता डॉ. कर्नेलसिंग. लेखात यांचं नाव फक्त एकदा, तेही चुकीचं छापलं आहे. हे शहराला लागून असलेल्या मोहालीत राहणारे सरकारी पशुवैद्य. पन्नाशीचे, रुंद, पांढरी दाढी, आवाज मोठा. म्हशीच्या पोटात हात घालून आलो आणि थेट पटावर बसलो, असं स्वतःच सांगून हसायचे. रेटिंग फार नव्हतं, पण खेळाचं वेड मोठं. वैरागडेंना फार मानायचे. "वैरागडे साब के साथ हारना भी ट्यूशन है जी," असं म्हणत.

शहरातली एक लीग स्पर्धा होती. संघटनेकडे घड्याळं कमी होती, म्हणून दोन खेळाडूंपैकी एकाने पट आणायचा आणि दुसऱ्याने घड्याळ, अशी पद्धत. वैरागडेंनी निरोप दिला की डॉक्टरांनी घड्याळ आणावं, आपलं जर्मन घड्याळ असल्या स्पर्धेत झिजवायला आपण देत नाही. डॉक्टरांनी आदल्या दिवशी आपलं घड्याळ नीट चावी देऊन ठेवलं, सकाळी पिशवीत टाकलं आणि मोहालीहून बस धरली. नाक्यावर जवानाने पिशवीला कान लावला. आत टिकटिक.

त्या दिवसांत, टिकटिक करणारी पिशवी आणि ती हातात घेतलेला सरदार. पुढचं सांगायला नको. बस रिकामी केली, डॉक्टरांना रस्त्यावर पालथं झोपवलं, पाठीवर बूट. बॉम्बपथक येईपर्यंत ते तसेच होते. घड्याळ गोण्यांमागे नेऊन फोडलं आणि मग त्यांना सोडलं. डॉक्टर स्पर्धेच्या हॉलवर पोचले तेव्हा पगडी सुटलेली, छातीवर डांबर आणि कोपर सोललेलं.

टेबलावर वैरागडेंचं जर्मन घड्याळ सुरू होतं. डॉक्टर आणतील त्याची वाट न बघता त्यांनी ते आपल्या पिशवीतून काढून वेळेवर लावलं होतं. एका तासात खेळाडू आला नाही तर डाव गेला, असा नियम. फ्लॅग नुकताच पडला होता.

हे मी पाहिलेलं नाही. हॉलवर असलेल्या दोघांनी सांगितलं आणि दोघांचं सांगणं जुळलं. डॉक्टरांनी काय झालं ते सांगितलं. वैरागडेंनी ऐकून घेतलं आणि तबकडीकडे बोट दाखवलं. डॉक्टर म्हणाले, "पॉइंट आप ले लो जी. इतनी दूर से आया हूँ, एक दोस्ताना डाव तो खेल लो." वैरागडे सोंगट्या पेटीत भरत होते. "माझा आजचा डाव झाला," एवढं म्हणाले. घड्याळ रुमालात गुंडाळलं आणि निघाले.

यानंतर दीडेक वर्षाने ती आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. ती चंदीगडला व्हावी म्हणून वैरागडेंनी किती दारं झिजवली याचं श्रेय मी त्यांना देतो. परदेशी खेळाडू इकडे यायला तयार नव्हते, परवानग्या मिळत नव्हत्या. तरी तीन ग्रँडमास्टर आले. दहा खेळाडू, प्रत्येकाचे नऊ डाव. खेळाडूंच्या रेटिंगची सरासरी एका आकड्याच्या वर असली तरच नॉर्म मिळणार, म्हणून वैरागडे यादी घेऊन माझ्याकडे येत. मी संस्थेत सांख्यिकीचं काम करतो. जिन्यात सात वर्षांत जेवढे बोलले नसतील तेवढे त्या पंधरवड्यात बोलले, आणि सगळे आकडेच. शेवटची एक जागा भरायची राहिली होती. त्यांनी कर्नेलसिंगांचं नाव लिहिलं.

मी म्हणालो, "यांच्यामुळे सरासरी काठावर येते. दिल्लीचा तो जास्त रेटिंगचा मुलगा घेतलात तर सुरक्षित राहाल."

"काठावर म्हणजे आत ना?"

"आत. जेमतेम."

"मग डॉक्टर चालते. माझ्याशी कधी जिंकला नाही."

खेळाडू उतरले होते त्या हॉस्टेलमध्ये स्थानिक खेळाडूंसाठी एकच खोली उरली होती. स्थानिक दोघे : वैरागडे आणि कर्नेलसिंग. एकाचं घर हॉलपासून सायकलच्या अंतरावर, दुसऱ्याचं नाक्यांपलीकडे मोहालीत. खोली वैरागडेंनी घेतली. घरी एकाग्रता होत नाही म्हणाले. डॉक्टर रोज बसने येत-जात राहिले. पुढे जे झालं ते या खोलीमुळे झालं, आणि लेखात ही खोली नाही.

आठ डावांत वैरागडेंचे साडेसहा गुण झाले. सात झाले की नॉर्म. शेवटचा डाव कर्नेलसिंगांशी, म्हणजे बरोबरीचा अर्धा गुण हातात असल्यासारखाच. आठव्या डावात युगोस्लाव्ह ग्रँडमास्टरशी बारा चालींत बरोबरी झाली होती, आणि ती सकाळी नाश्त्याच्या टेबलावरच ठरली होती हे हॉलमधल्या सगळ्यांना माहीत होतं. यात बेकायदा काही नाही असं मला सांगण्यात आलं. नसेल. पण ज्यांना तत्त्व हा शब्द वापरायचा आहे त्यांनी हाही डाव मोजावा.

शालिनीताईंनी त्या आठवड्यात दोन ट्रंका भरल्या. सुमन मदतीला गेली होती. मला म्हणाली, "स्वेटर सगळे वाटून टाकतायत. नागपूरला लागत नाहीत म्हणे."

शेवटच्या डावाच्या आदल्या संध्याकाळी पंजाबात पुन्हा बसवर गोळीबार झाला. सकाळी बंद पुकारला गेला. मोहालीकडचे रस्ते अडवले, बस बंद. मी सायकलने हॉलवर गेलो, कारण वैरागडेंनी अंतिम आकडे तपासायला बोलावलं होतं. तीन वाजता सगळ्यांची घड्याळं सुरू झाली. वैरागडेंसमोरची खुर्ची रिकामी.

इथे एक नियम सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळणार नाही. समोरचा आलाच नाही तर पूर्ण गुण मिळतो. पण तो डाव खेळला असं धरत नाहीत. आणि नॉर्मला नऊच्या नऊ डाव प्रत्यक्ष खेळलेले लागत. म्हणजे डॉक्टर आले नाहीत तर वैरागडेंचे गुण साडेसात, स्पर्धेत कदाचित पहिला नंबर आणि नॉर्म शून्य. डॉक्टर आले, बसले, चार चाली करून हात मिळवला, तर ग्रँडमास्टर.

वैरागडे खुर्चीत बसेनात. त्यांनी मला मोहालीला फोन लावायला पाठवलं. डॉक्टरांच्या शेजाऱ्याने उचलला. "वो तो बारह बजे के निकल गए, पैदल." मी येऊन सांगितलं. वैरागडेंनी पंचांना विचारलं, घड्याळ थांबवता येईल का. पंच घोषबाबू, दिल्लीहून आलेले निवृत्त प्राध्यापक, म्हणाले, "आप ही तो कहते हैं, घडी का कोई रिश्तेदार नहीं." हॉलमध्ये दोघेतिघे हसले. वैरागडे नाही.

साडेतीनच्या सुमारास शालिनीताई आल्या. युनिफॉर्ममध्येच, कॅज्युअल्टीतून सरळ. डोळे तांबारलेले. वैरागडे त्यांना दारातच भेटले.

"एक अँब्युलन्स पाठव ना मोहालीच्या रस्त्यानं. तिला कोणी अडवत नाही. दहा मिनिटांचं काम आहे."

शालिनीताई त्यांच्याकडे बघत राहिल्या. "आज अँब्युलन्स कशाला फिरून राहिल्या, माहीत आहे ना तुम्हाला?"

"म्हणून तर म्हणतो. एक जास्त फिरली तर कोणाला समजते?"

शालिनीताई आत गेल्या. भिंतीशी लावलेल्या खुर्चीवर जाऊन बसल्या आणि पर्स मांडीवर घेतली.

चारला दोन मिनिटं असताना हॉलमधले बाकीचे खेळाडूही आपले डाव सोडून त्या टेबलाभोवती जमले. लाल पाकळी अगदी आडवी झाली होती. मग पडली. तिचा आवाज होतो हे मला तेव्हा कळलं.

आणि त्यानंतर डॉक्टर आले. पाच-सात मिनिटं झाली असतील. रस्ते बंद म्हणून ते शेतांतून आणि नाल्यातून आले होते. पायजमा गुडघ्यापर्यंत ओला, बूट हातात, श्वास लागलेला. या वेळी पिशवी आणली नव्हती. दारातूनच म्हणाले, "माफ करना जी, आज फिर लेट. पर इस बार घडी नहीं लाया."

घोषबाबूंनी चष्मा पुसला. म्हणाले, नियमाने डाव संपला आहे. पण आजचा दिवस नेहमीचा नाही. दोन्ही खेळाडू तयार असतील आणि इतर कोणाची हरकत नसेल, तर मी घड्याळ पुन्हा लावू देतो. त्यांनी एकेकाकडे पाहिलं. हरकत कोणाचीच नव्हती. युगोस्लाव्ह माणसाने तर स्वतः खुर्ची मागे ओढून डॉक्टरांना बसवलं.

वैरागडेंनी घड्याळ उचललं. हे मी स्वतः पाहिलं आहे, आणि लेखात नेमकं हेच नाही. त्यांनी घड्याळ उचललं, उलटं केलं आणि मागची किल्ली धरून काटा मागे फिरवायला लागले. काटा लाल पाकळीच्या मागे सरकला. ते खेळणार होते. तत्त्व असतं तर ते किल्लीला हात लावण्याच्या आधी असतं.

डॉक्टर रुमालाने दाढी पुसत होते. मोठ्या मनाने, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "लगाओ जी, लगाओ. मेरी तरफ से ड्रॉ पक्का. और वो पिछली बार वाली बात, साब, मैंने दिल में नहीं रखी."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्या माणसाला टोमणा जमत नसे.

वैरागडेंची बोटं थांबली. मान वर झाली. कपाळावरची ती आठी, जी मी सात वर्षं बघत होतो, एकदम सपाट झाली आणि चेहरा ओळखू येईना. भोवती माणसं उभी होती, आणि त्यातल्या शहरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं की पिछली बार काय झालं होतं, आणि ज्याच्या बाबतीत झालं होतं तो नाल्यातून चालत येऊन यांना किताब देतो आहे.

त्यांनी घड्याळ टेबलावर ठेवलं. "फ्लॅग गिर गया है, डॉक्टर. डाव खतम."

"अरे साब, पंच मान रहे हैं."

"मैं नहीं मान रहा."

"नॉर्म आपका है जी, मेरा क्या जाता है?"

वैरागडेंनी खिशातून पेन काढलं, निकालाच्या कागदावर सही केली आणि डॉक्टरांपुढे सरकवला. डॉक्टर कागदाकडे, मग पंचांकडे, मग माझ्याकडे बघायला लागले. त्यांना खरंच समजत नव्हतं.

शालिनीताई उभ्या राहिल्या होत्या. "अहो," त्या म्हणाल्या, "घड्याळ लावा."

वैरागडेंनी मागे वळून पाहिलं नाही. सोंगट्या पेटीत भरायला लागले. आधी पांढऱ्या, मग काळ्या.

लोक याला तत्त्व म्हणतात. दुसऱ्याला लावलेला नियम स्वतःलाही लावला, असं त्या लेखात आहे. वाचायला बरं वाटतं. मी पाहिलं ते असं, की या माणसाला घेता येत नव्हतं. हिसकावून घेता यायचं, नियमाने घेता यायचं, बायकोकडून न मागता घेता यायचं. पण समोरच्याने माफ करून काही हातावर ठेवलं, तर ते घेणं त्याला हरण्यापेक्षा जड गेलं. आणि किंमत त्यांनी एकट्याने दिली असती तर मी गप्प बसलो असतो. त्या दोन ट्रंकाही त्यांनी त्याच सहीने परत उघडायची वेळ आणली. डॉक्टरांचा तर दुसऱ्यांदा अपमान झाला. पहिल्या वेळी त्यांना डाव नाकारला, दुसऱ्या वेळी त्यांचा चांगुलपणा.

ट्रंका मात्र उघडल्या गेल्या नाहीत. दोन महिन्यांनी शालिनीताई नोकरी सोडून एकट्या निघाल्या. स्टेशनवर सुमन आणि मी होतो. वैरागडे सामान चढवायला आले होते. ट्रंका बाकाखाली सरकवून, कुलपं ओढून बघून ते गाडी सुटायच्या आधीच उतरून गेले. सुमन रडत होती. शालिनीताई रडत नव्हत्या. खिडकीतून मला म्हणाल्या, "भाऊजी, मला बुद्धिबळ कधी समजलं नाही. पण ते घड्याळ समजलं. एका वेळी एकाच बाजूचं चालते. इतकी वर्षं माझ्याच बाजूचं चालून राहिलं होतं."

क्वार्टर गेलं. वैरागडे शहराच्या कडेला मनीमाजऱ्यात भाड्याच्या खोलीत राहायला गेले आणि शिकवण्या करू लागले. लेख लिहिणारा त्यांचाच एक विद्यार्थी. पुढे ते कुठल्या मोठ्या स्पर्धेत खेळले नाहीत.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते दोन वर्षांपूर्वी. कामासाठी नागपूरला गेलो होतो. शालिनीताईंना भेटलो. त्यांची आई वारलेली, स्वतः एका इस्पितळात मेट्रन, तब्येत बरी. त्यांनी मुगवड्यांचा डबा दिला. "मनीमाजऱ्याला द्याल का? आणि विचारा, इकडे यायचं काही मनात आहे का. एवढंच विचारा. आग्रह नका करू."

परत आल्यावर रविवारी सकाळी गेलो. बाजारातल्या बोळात स्पेअर पार्टच्या दुकानावरची खोली, खाली रेल्वेकडे जाणाऱ्या टेम्पोंचा गोंगाट. दार उघडं होतं. वैरागडे पटाशी बसले होते, केस पांढरे झालेले. समोरची खुर्ची रिकामी आणि जर्मन घड्याळ त्या रिकाम्या बाजूचं सुरू.

"बसा," म्हणाले. "डॉक्टर येतात रविवारी."

मी चकित झालो ते दिसू दिलं नाही. डबा दिला, निरोप सांगितला. त्यांनी डब्याचं झाकण उघडून वास घेतला, परत लावलं. "तिथं जाऊन काय सांगू?" म्हणाले. आग्रह करायचा नव्हता. ते माझं काम नव्हतं. आम्ही दोघेही घड्याळाकडे बघत बसलो. पाकळी पडली.

"गेला," वैरागडे म्हणाले.

थोड्या वेळाने जिन्यात जड पावलं वाजली. डॉ. कर्नेलसिंग आले, हातात मोहरीच्या पाल्याच्या सागाची बरणी. मला मिठी मारली आणि मग तबकडीकडे पाहिलं.

"गिर गया?"

"गिर गया."

"देखा जी?" डॉक्टर मला म्हणाले. "हर इतवार पहला डाव तो मैं बस में ही हार जाता हूँ. अब तो नाके भी उठ गए, पर बस वही है."

ते हसत खाली बसले. वैरागडे हसले नाहीत. त्यांनी घड्याळ उचललं, मागची किल्ली धरून दोन्ही काटे सारखे केले आणि सोंगट्या पुन्हा मांडायला घेतल्या. "दूसरा," म्हणाले. त्यांनी काळ्या सोंगट्या आपल्याकडे घेतल्या होत्या, म्हणजे पहिली चाल डॉक्टरांची. मला चहा विचारला नाही. जिना उतरताना ती चापट ऐकू आली.

संध्याकाळी नागपूरला फोन लावला. शालिनीताईंनी विचारलं, "काय करत होते?"

जे पाहिलं ते सांगितलं. "बसले होते. डॉक्टरांची वाट बघत."

लाइनवर खरखर येत होती.

"चला," म्हणाल्या. "कोणाची तरी वाट बघून राहिले."